कौशल्य की नशीब, हे मेंदू विचारत नाही

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. दोन्हींत पक्षकार एकच, आर. एम. डी. चमारबागवाला. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका वृत्तपत्रातून त्यांची शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा चाले, ते वृत्तपत्र मुंबई राज्यात भरपूर खपे आणि मुंबई सरकारने त्या स्पर्धेवर कर बसवला होता. हा व्यापार की जुगार, असा वाद होता. न्यायालयाने सांगितलं की जुगाराला व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण मिळणार नाही. पण ज्या स्पर्धेतलं यश बऱ्याच अंशी कौशल्यावर ठरतं, ती जुगारात मोडत नाही. दहा वर्षांनी, १९६७ साली, सिकंदराबादच्या एका क्लबचं प्रकरण न्यायालयापुढे आलं तेव्हा रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. कोणती पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, कोणतं पान धरायचं आणि कोणतं टाकायचं याला डोकं लागतं, असं त्याचं कारण. तीन पत्तीच्या वाट्याला तो मान आला नाही. पुढे २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटलाही, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर पैसे लावण्याच्या खेळालाही, कौशल्याच्याच बाजूला बसवलं.

या एका रेषेच्या आधारावर ऑनलाइन रमी आणि फँटसीचा हजारो कोटींचा धंदा देशात उभा राहिला. रमीच्या त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे: क्लबचा मालक रमीच्या खेळातून स्वतः नफा कमावत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. त्या वाक्याकडे पुढे फारसं कुणी पाहिलं नाही, आणि त्याची किंमत अनेक घरांनी मोजली.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या प्रश्नावर आपण साठ-सत्तर वर्षं घालवली. माझं म्हणणं असं की माणूस एखाद्या खेळात कसा अडकतो हे समजून घ्यायला हा प्रश्न उपयोगाचाच नाही. अडकवते ती बक्षीस देण्याची पद्धत. बक्षीस किती लवकर येतं, किती अनिश्चित असतं, दोन डावांमध्ये थांबायला जागा आहे का, हरल्यावर ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटायला लावलं जातं का, हे बघितलं पाहिजे. ज्याने ही पद्धत ठरवली, जबाबदारीही त्याची. आपल्याकडे मात्र सगळा दोष ज्याचे पैसे गेले त्याच्या स्वभावावर टाकण्याची सवय आहे.

त्याच १९५७ साली, न्यायालय शब्दकोड्यांचा निवाडा करत असताना, स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन हे शास्त्रज्ञ सशांवर प्रयोग करत होते. या प्रयोगाचा एक धागा आपल्या सर्पगंधेशी जुळतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला, आणि काही वर्षांत तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं करण्यात आलं. कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं तेव्हा ते कान पाडून निपचित पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य स्वतःचं काही काम करतं, ही कल्पना इथून रुजली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ असं आता सर्रास लिहिलं जातं. समाजमाध्यमांवर तर ‘डोपामिन डिटॉक्स’ नावाचा उपासही सांगितला जातो. हे चित्र चुकीचं आहे, आणि त्या चुकीमुळे धोरणाची चर्चा भलतीकडे जाते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवून पाहिलं. त्या उंदरांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की ते पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे गोडाची गोडी शाबूत होती. पण समोर अन्न ठेवलं तर ते त्याकडे जात नसत. भरवलं नाही तर उपाशी मरतील अशी त्यांची गत. आवडणं आणि हवं असणं या मेंदूच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि डोपामिनचा मोठा वाटा ‘हवं’ वाटण्यात आहे. हात पुढे करण्यात, उठून चालू लागण्यात, कष्ट करायला तयार होण्यात त्याचं काम आहे. जॉन सॅलमोन यांच्या प्रयोगांत तर हे आणखी उघड झालं. एका वाटेवर अडथळा चढून गेल्यास जास्त खाणं, दुसऱ्या वाटेवर विनासायास थोडं. धडधाकट उंदीर अडथळा चढत. डोपामिन कमी केलेले उंदीर सोपी वाट धरत. त्यांना चढता येत नव्हतं असं नाही. कष्टाचा आणि फळाचा हिशोब त्यांच्या मेंदूत बदलला होता.

प्रेरणा म्हणतात ती बरीचशी या हिशोबातून येते. तो हिशोब कशाने बदलतो, याचं उत्तर वोल्फ्राम शुल्ट्स यांच्या माकडांनी दिलं. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात त्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन-पेशींची नोंद ठेवली. आधी दिवा लागायचा, मग फळांच्या रसाचा थेंब मिळायचा. सुरुवातीला रस मिळाला की पेशी पेटून उठत. काही दिवसांनी दिवा लागताच उठू लागल्या, आणि रस मिळाल्यावर गप्प राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्याच क्षणी त्यांची हालचाल खाली गेली. पेशी रसाला दाद देतच नव्हत्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजत होत्या. अपेक्षेहून जास्त मिळालं तर वर, कमी मिळालं तर खाली, जेवढ्यास तेवढं मिळालं तर शांत. शिकण्याची ही यंत्रणा विलक्षण सुंदर आहे. मूल चालायला शिकतं, गायक सूर पकडायला शिकतो, शेतकरी आभाळ वाचायला शिकतो, त्या सगळ्यांत हाच फरक मोजला जात असतो.

पण या यंत्रणेत एक फट आहे. ज्या बक्षिसाचा अंदाज कधीच पक्का होऊ शकत नाही, तिथे तिचं मोजणं संपत नाही. शुल्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये रस मिळण्याची शक्यता कमी-जास्त करून पाहिली. इशारा आणि निकाल यांच्यामधल्या प्रतीक्षेत डोपामिन-पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढली ती शक्यता निम्मी-निम्मी असताना. नक्की मिळणार किंवा नक्की मिळणार नाही, अशा वेळी ती चढत नव्हती. वागणुकीच्या पातळीवर हे बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी आधीच दाखवलं होतं, तेही १९५७मध्येच. कबुतराला ठरावीक टोचांनंतर दाणा दिला तर दाणा मिळाल्यावर ते जरा थांबतं. किती टोचांनंतर दाणा येईल हे अनिश्चित ठेवलं, तर ते न थांबता टोचत राहतं, आणि दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचतं.

आता कौशल्याकडे येतो. २००९मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी माणसांना स्लॉट मशीनसारखा, फिरती चिन्हं जुळली की जिंकायचं असा खेळ देऊन त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. चिन्ह अगदी एका घराने हुकलं, तर खेळणाऱ्याला ते पूर्ण हरण्यापेक्षाही कडू वाटलं. पण जिंकल्यावर जागे होणारे मेंदूचे काही भाग तेव्हाही जागे झाले. आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढली. ही इच्छा वाढली ती चिन्ह खेळणाऱ्याने स्वतः निवडलेलं असताना. यंत्राने निवडलेलं असताना तसं झालं नाही. म्हणजे ‘हे माझ्या हातात आहे’ ही भावनाच थोडक्यात हुकण्याला बळ देते. चिन्ह कुणीही निवडलं तरी जिंकण्याची शक्यता तेवढीच होती, तरीही.

आपला संघ आपण निवडतो, कर्णधार आपण ठरवतो, शेवटच्या षटकात आपला एक फलंदाज बाद होतो आणि चार गुणांनी बक्षीस जातं. हात चांगला होता, एक पान लागायचं राहिलं. कौशल्याचा अंश खरा असेलही. तो असतो तिथे हरलेला माणूस उलट अधिक घट्ट बांधला जातो, कारण प्रत्येक हार त्याला सुधारता येण्याजोगी वाटते. न्यायालयांनी ज्याला सुरक्षिततेची खूण मानलं, ती या दृष्टीने धोक्याची खूण होती. लॉटरीचं तिकीट फाडून टाकणारा नशिबाला बोल लावून घरी जातो. रमी हरलेला स्वतःच्या चुकीला बोल लावतो आणि ती दुरुस्त करायला पुन्हा बसतो.

इथे कुणी म्हणेल की शेवटी हा माणसाच्या स्वभावाचा प्रश्न आहे. ज्याचं मन खंबीर आहे तो अडकत नाही. या समजुतीला उत्तर द्यायला माझ्याकडे पार्किन्सनच्या रुग्णांहून भक्कम पुरावा नाही. या आजारात डोपामिन बनवणाऱ्या पेशी झडतात, म्हणून डोपामिनची नक्कल करणारी औषधं देतात. ती घेणारे काही जण, ज्यांनी आयुष्यात कधी पत्ते पिसले नव्हते असे निवृत्त, संसारी लोक, जुगारात पैसे उधळू लागले, बेसुमार खरेदी करू लागले. अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही विशिष्ट औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के रुग्णांत जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांपैकी कशावरचा तरी ताबा सुटलेला दिसला. ती न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६.९ टक्के होतं. आणि औषध कमी केलं किंवा बंद केलं की बहुतेकांची ती ओढ ओसरते. साठ वर्षं जपलेला स्वभाव एका गोळीने बिघडतो आणि ती गोळी काढल्यावर सुधारतो, हे डोळ्यांपुढे असताना कर्जात बुडालेल्या पोराला ‘तुझ्यात दमच नाही’ म्हणणं मला क्रूर वाटतं. तो बेजबाबदार वागला असेल. पण त्याच्या मेंदूतल्या ज्या यंत्रणेवर दुसरं कुणी पगारी लोक लावून, रोज आकडेवारी तपासून काम करत होतं, तिचा हिशोब आपण मांडतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार व्यसनांच्या वर्गात आहे, आणि अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्येच त्याला दारू-गर्दच्या पंगतीत नेऊन बसवलं. वैद्यकाने हे मान्य केलं. गावातल्या पारावर आणि घरातल्या भांडणात अजून ते पोचलेलं नाही.

महाराष्ट्राला जुगार नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत आकडे लागत. ते भाव येणं बंद झाल्यावर १९६२च्या सुमारास कल्याणजी भगत यांनी आणि नंतर रतन खत्री यांनी मटका सुरू केला. गिरणगावात पगाराच्या दिवशी काय व्हायचं ते जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. मटक्याने घरं धुतली, त्याची तरफदारी मी करणार नाही. तरी त्याच्या रचनेत काही अडसर होते. दिवसातून दोनदाच आकडा निघे, एक ओपन, एक क्लोज. त्यांच्यामध्ये काही तास. आकडा लावायला बुकीपर्यंत चालत जावं लागे, खिशातून नोट काढावी लागे, ओळखीचा कुणी पाहील ही भीती असे. घरात शिरल्यावर खेळ बाहेर राहत असे. फोनवर यातलं काहीच नाही. डाव मिनिटांत संपतो, दुसरा लगेच तयार असतो, पैसे बोटाच्या स्पर्शाने जातात, ते संपले तर त्याच फोनवर कर्ज देणारं ॲप आहे. रात्री दोन वाजता, अंथरुणात, बायको-मुलं शेजारी झोपलेली असताना खेळता येतं. कापूस-सोयाबीनचे पैसे खात्यात आले की पंधरा दिवसांत नाहीसे होतात आणि घरच्यांना कळतं ते दागिने शोधताना. जुगाराची ताकद एका तासात मेंदूपुढे किती वेळा निकाल येतो यावर मोजायला हवी. त्या मापाने मटका आणि फोनवरची रमी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ला राज्यसभेत, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, तो चालवायला आणि त्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कौशल्य-नशीब ही जुनी रेषा पुसली गेली आणि शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावरून चालवणाऱ्याकडे वळला, या दोन्ही गोष्टी मला मनापासून योग्य वाटतात. सरकारने मांडलेला अंदाज असा की ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावत होते.

विरोधातले मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. बहुतेक खेळणारे बरबाद होत नाहीत. चार मित्र पन्नास-पन्नास रुपये लावून सामना बघतात आणि झोपी जातात. त्यांच्या मोकळीकीवर सरकारने हात का घालावा? शिवाय बंदी घातली की धंदा परदेशी संकेतस्थळांवर आणि टेलिग्रामच्या गटांवर जातो, तिथे ना कर ना तक्रारीची सोय. मटका तर बंदीतच वाढला. मी या दुसऱ्या मुद्द्याला जास्त वजन देतो. बंदी हुकमाने होते. ती टिकते पोलिसांच्या आणि बँकांच्या रोजच्या कामाने, आणि त्या बाबतीत आपला इतिहास बरा नाही. पहिल्या मुद्द्याबद्दल एवढंच सांगेन की मोकळीक जपायची असेल तर माणसाला थांबून विचार करायला वेळ मिळाला पाहिजे. तो वेळ काढून घेण्यासाठीच खेळ घडवला असेल, तर तिथे मोकळीक कसली?

म्हणून कायद्याची भाषा ‘चालू की बंद’ एवढीच असू नये. इंग्लंडमध्ये पैजांच्या दुकानांतल्या जुगारयंत्रांवर एका डावाला १०० पौंड लावता येत. एप्रिल २०१९पासून ती मर्यादा २ पौंडांवर आणली. तिथे ऑनलाइन स्लॉटचा एक डाव अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपता कामा नये, आपोआप खेळत राहण्याचं बटण असता कामा नये, आणि लावलेल्या पैशांपेक्षा कमी परत आले असताना जिंकल्यासारखा आवाज-उजेड करता कामा नये, असे नियम २०२१पासून आहेत. हे नियम लिहिणाऱ्यांना मेंदू कसा चालतो हे ठाऊक होतं. नॉर्वेने २००७मध्ये देशातली सगळी स्लॉट मशीनं उचलली आणि नंतर हळू चालणारी, खर्चाची मर्यादा असलेली सरकारी यंत्रं आणली. आपल्याकडे राज्य लॉटरी १९६९पासून चालू आहे, पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी आहेत, आणि नव्या कायद्याचा दोन्हींना स्पर्श नाही. त्यांना निदान असे नियम तरी लागू झाले पाहिजेत.

आणि एक क्षेत्र असं आहे जिथे ‘जुगार’ हा शब्द उच्चारायलाही लोक बिचकतात. शेअर बाजारातलं फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आजच केलेले सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक झाला. २०२४-२५मध्येही ९१ टक्के तोट्यातच; त्या एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण २०२३-२४मध्ये ४३ टक्क्यांवर गेलं होतं. हे आकडे रमीच्या अंदाजाच्या कितीतरी पट आहेत. इथे जोखीम वाटून घेण्याचा खरा उपयोग आहे, त्यामुळे बंदीची मागणी मी करणार नाही. पण मुदत संपण्याच्या दिवशी दुपारी दोन-तीन तास मिनिटामिनिटाला वर-खाली होणारा आकडा, स्वतः निवडलेली ‘स्ट्राइक’ (सौद्यात ठरवलेला भाव), थोडक्यात हुकलेला सौदा आणि मोबाइलवरचं हिरवं-तांबडं, याला मेंदूने गुंतवणूक समजावं अशी अपेक्षा व्यर्थ आहे. सेबीने नोव्हेंबर २०२४पासून प्रत्येक बाजाराला दर आठवड्याला मुदत संपणारे सौदे एकाच निर्देशांकावर चालवण्याची परवानगी ठेवली आणि सौद्याचा किमान आकार वाढवला. माझ्या मते हा बक्षिसाच्या वेगाला लगाम घालणारा, आपल्या देशातला सर्वांत शहाणा निर्णय आहे. तो आणखी पुढे न्यायला हवा. ॲप उघडल्यावर पहिल्या पडद्यावर आजच्या भावाआधी वर्षभराचा एकूण नफा-तोटा, खर्च धरून, ठळक दिसला पाहिजे. सलग तोटा झाल्यावर त्या दिवसापुरता सौदा बंद झाला पाहिजे, आणि मर्यादा वाढवायची असेल तर एक रात्र मध्ये गेली पाहिजे.

उपचाराबद्दल बोलताना आपण अजून शपथेवर आणि दटावणीवर थांबतो. वडील जमीन विकून कर्ज फेडतात, मुलाकडून देवापुढे वचन घेतात, आणि फोन त्याच्याच हातात राहतो. कर्ज फिटल्याचा सुटकेचा श्वास हाही त्या यंत्रणेला मिळालेलं अनपेक्षित बक्षीसच असतं, हे त्या वडिलांना कुणी सांगितलेलं नसतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांसाठी साधा उपाय केला: प्रत्येक स्वच्छ तपासणीला वस्तूंत बदलता येणारी पावती, सलग स्वच्छ राहिल्यास पावतीची किंमत वाढत जाणार, चुकल्यास पुन्हा तळापासून. उपचारात टिकणाऱ्यांची आणि स्वच्छ राहणाऱ्यांची संख्या वाढली. ज्या यंत्रणेने माणूस अडकतो, तिच्याच मदतीने तो बाहेर येऊ शकतो. फक्त बक्षीस लवकर, नक्की आणि नजरेला दिसेल असं हवं. पुण्यात मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, टेली-मानसची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी २०२२पासून आहे. तरीही जुगाराने ग्रासलेला माणूस जिल्हा रुग्णालयात जाऊन ‘मला यातून सोडवा’ म्हणेल, आणि समोरची परिचारिका त्याला दारूच्या रुग्णासारखंच नीट नोंदवून घेईल, हे अजून क्वचितच घडतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जुगाराच्या विकाराची स्वतंत्र नोंद आणि प्रशिक्षित समुपदेशक, एवढं तरी राज्याने लगेच करावं. बंदीमुळे कोट्यवधी खेळणाऱ्यांचे खेळ एका रात्रीत थांबले. त्यांची ओढ एका रात्रीत थांबलेली नाही.

खेळ बंद करून मेंदूची बक्षिसाची भूक बंद होत नाही. तिला दुसरीकडे वाट लागते, आणि इथे मला आपल्या सार्वजनिक व्यवस्थेचा राग येतो. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं बसलेली असतात. जाहिरात कधी निघेल नक्की नाही, परीक्षा पुढे ढकलली जाते, निकाल रखडतो, निकाल लागला तर प्रकरण न्यायालयात जातं, सगळं पार पडलं तरी नियुक्तीपत्र येत नाही. त्या मुलाच्या एका हातात चार-पाच वर्षांनी मिळेल न मिळेल असं फळ आहे, दुसऱ्या हातात पाच मिनिटांत निकाल देणारा फोन. उशिरा मिळणाऱ्या फळाची किंमत मेंदू कमी धरतो, हे माणसांत आणि प्राण्यांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. कष्टाला वेळेवर आणि खात्रीने मोबदला देण्याची पद्धत आपल्याला माहीत नाही असंही नाही. पश्चिम महाराष्ट्रात दूध संघांनी दहा दिवसांचं बिल देण्याची शिस्त घातली, आणि त्या दर दहा दिवसांच्या पैशावर दोन म्हशींच्या जिवावर बायकांनी घरं सावरली. उसाला १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांची मुदत आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लिहिलेलं आहे; कारखान्यांनी ती मुदत किती वेळा मोडली आणि व्याज किती शेतकऱ्यांच्या हाती पडलं, हे प्रत्येक ऊस उत्पादकाला ठाऊक आहे.

लोकसेवा आयोगाच्या आणि सरळसेवा भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत निकालाची आणि नियुक्तीची तारीख छापलेली असावी, ती चुकली तर उमेदवाराला दरमहा भरपाई मिळावी, आणि उसाचं थकीत व्याज साखर आयुक्तांनी शेतकऱ्याने अर्ज करण्याची वाट न पाहता वसूल करून खात्यात जमा करावं. ऑनलाइन जुगाराविरुद्धच्या कामात या दोन मागण्या मी कायद्यातल्या शिक्षेच्या कलमांइतक्याच वरच्या ठेवतो.